सासऱ्यांची दोनशे बारा वाक्यं

जावयाला सासऱ्याचा धाक वाटावा यात नवल काही नाही. पण सासऱ्याच्या फोनचा धाक वाटणारा जावई विरळाच, आणि हा तसला होता. रविवारची सकाळ. बाजारातली सगळी दुकानं बंद, आणि हा आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं वर करून आत वाट बघत बसलेला. टेबलावर हिरवी रबरी चटई, कडेला ओळीने मांडलेले स्क्रूड्रायव्हर, चिमटे, भिंग. एरवी हाच माणूस चहा पिता पिता, गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता फोन उघडायचा नि बंद करायचा. आज मात्र त्याने सकाळपासून तीनदा हात धुतले होते.

कारण जो फोन यायचा होता, त्यात सासऱ्यांचा आवाज होता. सगळाच्या सगळा. त्या फोनाबाहेर तो कुठेही उरलेला नव्हता.

सासरे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. एक-दोन नाही, चौतीस वर्षं. बाजारात त्यांना 'भोंगा' म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना ते आवडायचं. गर्दीतून कुणीतरी बोट वर करून आकडा पुटपुटायचा, तो आकडा हे झेलणार आणि असा ठणकावून परत फेकणार की फाटकावरच्या रखवालदाराची झोप मोडावी. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आता जिवापुढे काय बोलणार? सासऱ्यांनी मान हलवली. ऑपरेशनला तीन आठवडे अवकाश होता, तेवढ्यात हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी एक ॲप सुचवलं. आपल्याच आवाजात वाक्यं भरून ठेवायची, नंतर बटण दाबलं की फोन आपल्यासाठी बोलतो. सासऱ्यांनी दोनशे बारा वाक्यं भरली. 'पाणी दे.' 'पंखा बारीक कर.' 'पुढच्या थांब्यावर उतरायचंय.' 'ओरडू नका, मी बहिरा नाही.' आणि बाईंनी दिलेल्या यादीत नसलेलं, हौसेखातर घुसडलेलं एक: 'एक वार, दोन वार, तीन वार!'

जावई या घरात आला तो ऑपरेशननंतर दीड वर्षाने. तोवर आवाज गेलेला होता आणि त्यांच्या लेकीची, म्हणजे याच्या बायकोची, आईही गेली होती. नवऱ्याचं पथ्यपाणी, औषधं, ड्रेसिंग सगळं आठ महिने एकटीने केलं आणि एका सकाळी हृदयाच्या झटक्याने गेली, कुणाला हाकसुद्धा मारली नाही. जावयाला सासूबाई माहीत त्या भिंतीवरच्या फोटोतून, बस. आणि त्या दोनशे बारा वाक्यांत जावयासाठी म्हणून एकही वाक्य नव्हतं. असणार कुठून? त्या वेळी जावईच नव्हता! त्यामुळे तो दारात आला की सासरे खिशातून फोन काढत आणि 'कोण आलंय?' दाबत. हा अगदी नाकासमोर उभा असला तरी. वर्षभर याला वाटत होतं, म्हातारा मुद्दाम खिजवतोय. शेवटी बायको म्हणाली, "अरे वेड्या, त्यांच्याकडे तुझ्यासाठी दुसरं काही नाहीच आहे." ते ऐकून बरं वाटून घ्यावं की वाईट, हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.

तर असा तो फोन, आता नऊ वर्षांचा म्हातारा झालेला. दोन महिन्यांपूर्वी 'दार लाव' गेलं. बटण दाबलं की पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं आणि ॲप बंद पडायचं. आठवड्याने 'उद्या ये' गेलं. मग 'दुखतंय' गेलं, तेव्हा मात्र लेक हादरली. फोनची मेमरी झिजत चालली होती. ॲप काढणारी कंपनी तीन वर्षांपूर्वीच गाशा गुंडाळून बसलेली, आणि वाक्यं बाहेर काढून घ्यायची सोय त्या ॲपमध्ये कधी नव्हतीच. लेकीने जुन्या फोनसमोर नवा फोन धरून रेकॉर्ड करून बघितलं. पण जुन्याचा स्पीकर फाटलेला, हेडफोनचं भोक केव्हाच निकामी. नव्या फोनातून जे ऐकू आलं ते डब्यात कोंडलेल्या माशीसारखं. सासऱ्यांनी ते शांतपणे ऐकलं, वहीत 'हा कोण?' एवढंच लिहिलं आणि वही मिटली.

"तुला काढता येईल ना रे?" तिने त्याच रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं.

"बघतो."

"बघतो काय? गटारात पडलेले फोन जिवंत करतोस तू लोकांचे."

"ते लोकांचे असतात," तो म्हणाला, आणि ताटातलं चिवडत बसला.

अडचण काय होती ते नीट सांगायला हवं. फोन आपण विकत घेतो म्हणून आपण त्याचे मालक, असं आपल्याला वाटतं. ते खरं नव्हे. आपण भाडेकरू. घर वापरा, पण माळ्यावर चढायचं नाही, किल्ली कंपनीकडे. ॲप आपल्या फाइली त्या माळ्यावर ठेवतं. तिथे जायचा जो सर्वाधिकार, त्याला दुरुस्तीवाले 'रूट' म्हणतात. तो मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे फोनचं मुख्य कुलूप उघडणं. पण ते उघडताक्षणी फोन आतलं सगळं स्वतःहून पुसून टाकतो, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. म्हणजे सरळ रस्ता बाद. राहिला वाकडा. या जुन्या फोनच्या चिपमध्ये एक भोक राहून गेलं होतं, आणि कंपनीने ते कधी बुजवलं नव्हतं, कारण जुन्या फोनकडे बघतो कोण! त्या भोकातून एक छोटासा प्रोग्राम आत सरकवायचा. जमलं तर रूट मिळतं, पुसलं काही जात नाही. नाही जमलं तर फोन गारठून बंद पडतो नि पुन्हा सुरू व्हायला बघतो. आणि मेमरी इतकी झिजलेली असताना तो पुन्हा सुरू होईलच, याची हमी ब्रह्मदेवही देणार नाही.

शटरखालून आधी बायको वाकून आत आली, मागून सासरे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जणू ऑपरेशन त्यांचंच. त्यांनी खिशातून फोन काढला आणि सवयीने दाबलं: "कोण आलंय?"

"तुम्हीच आलाय, बाबा," जावई म्हणाला. "बसा. हात लावायच्या आधी मला एक सांगायचंय."

सासऱ्यांनी 'बोल' दाबलं.

"याच मॉडेलचे दोन फोन मी भंगारातून आणले होते. त्यांच्यावर करून बघितलं. एकाचं झालं. दुसरा परत उठलाच नाही."

"हे मला बोलला नाहीस तू," बायको म्हणाली.

"तुला बोललो असतो तर आज आपण इथे असतो का?" मग तो पुन्हा सासऱ्यांकडे वळला. "नाही केलं, तर महिन्याला चार-पाच वाक्यं जात राहतील, बाबा. आणि एक दिवस सगळाच फोन जाईल. पण तोवर आहेत ती तरी आहेत. केलं, तर आज सगळी सुटतील, नाहीतर आज सगळी जातील. फोन तुमचा, आवाज तुमचा. मी ठरवणार नाही."

खरं सांगायचं तर सासऱ्यांनी नाही म्हणावं, अशीच त्याची मनातून इच्छा होती. उद्या काही बरंवाईट झालं तर जन्मभर त्या घरात कुठल्या तोंडाने जेवायला बसायचं? आधीच म्हणतात, जावई म्हणजे दहावा ग्रह.

सासऱ्यांचा अंगठा पडद्यावर खाली गेला, वर गेला, पुन्हा खाली. लेकीला ते बघवेना. "मी चहा घेऊन येते, कोपऱ्यावरचं उघडं आहे," असं काहीतरी पुटपुटत ती शटरखालून निघून गेली. ती गेल्यावर सासऱ्यांना हवं ते सापडलं.

"एक वार, दोन वार, तीन वार!" फाटका स्पीकर खरखरला. सासऱ्यांनी बोटाची पेरं टेबलावर ठक्कन आपटली आणि फोन जावयाकडे सरकवला. सौदा पक्का झाला होता, आता मागे फिरणं नाही.

जावयाने फोन बंद केला. मागचं झाकण गरम हवेने सैल करून उचललं. फुगलेली बॅटरी अलगद सोडवून वाळूच्या डब्यात ठेवली आणि तिच्या जागी पॉवर सप्लायच्या दोन तारा चिमट्याने लावल्या, म्हणजे मध्येच वीज कमी पडायला नको. फोन सुरू झाला. केबल कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ओळीच्या तोंडाशी डॉलरची खूण लुकलुकत होती.

"या डॉलरच्या जागी हॅशची खूण आली की समजायचं, आपण मालक," तो म्हणाला. सासऱ्यांनी चष्मा नाकावर सरकवून खुर्ची पुढे ओढली.

पहिल्या वेळी काहीच झालं नाही. प्रोग्राम आपला आत गेला आणि हात हलवत परत आला. डॉलर तिथेच.

दुसऱ्या वेळी पडदा काळा झाला. मग थरथरला, आणि कंपनीचं चिन्ह उमटलं. उमटलं ते उमटलंच. एक मिनिट झालं, दोन झाली. जावयाला भंगारातला तो दुसरा फोन डोळ्यांसमोर दिसायला लागला. तोही असाच चिन्हावर अडकला होता आणि तिथेच संपला होता. तीन मिनिटं. माऊसवरचा हात काढायलाही त्याला सुचत नव्हतं. "बाबा," तो एवढंच म्हणाला.

तेवढ्यात सासऱ्यांनी त्या हातावर आपला हात ठेवला. जाड, भाजीच्या करंड्या उचलून उचलून घट्टे पडलेला हात. बोलायला त्यांच्याजवळ आता काहीच नव्हतं, होतं ते समोर तारांना अडकलेलं. त्यांनी फक्त दोनदा थोपटलं, तापातल्या पोराला थोपटावं तसं, आणि हात तिथेच राहू दिला. जावयाला भरून आलं. जायचंय ते यांचं, आणि धीर हे मला देतायत! आपण या माणसाला अडीच-तीन वर्षं उगाच घाबरलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

चार मिनिटांनी फोन उठला.

"आता एकदाच," जावई म्हणाला. "यापुढे नाही." सासऱ्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा प्रोग्राम आत गेला. खिडकीत ओळींमागून ओळी पळाल्या, थांबल्या, आणि शेवटच्या ओळीच्या तोंडाशी डॉलर नव्हता. हॅश होता.

"मिळालं! बाबा, मिळालं!" तो खुर्चीतून अर्धा उठलाच. मग खाली बसला आणि आधी कॉपी सुरू केली, कारण आनंद करायला पुढे वेळ होता. पट्टी भरत गेली. माळ्यावर दोन फोल्डर निघाले. एकात दोनशे तीन फाइली, म्हणजे नऊ वाक्यं खरंच मेली होती. पण दुसऱ्यात पुऱ्या दोनशे बारा! आणि प्रत्येक फाइल पहिल्या फोल्डरमधल्या फाइलीच्या तिप्पट-चौपट मोठी.

त्याच्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या फोनातलं काही आपण उघडायचं नाही. मोजायचं, आकार बघायचा, आणि उघडून बघायचीच वेळ आली तर गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्याच बोटाने. सासरे असले म्हणून काय झालं? त्याने दुसरा फोल्डर उघडला आणि माऊस त्यांच्या हाताखाली सरकवला. "यात सगळी दिसतायत. कुठलंही एक दाबा."

सासऱ्यांनी पहिलंच दाबलं. 'पाणी दे.'

कॉम्प्युटरचे स्पीकर चांगले होते. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागदाची सळसळ. आणि मग एका बाईचा आवाज, हसरा, जरासा घाईतला: "सुरू झालं का हे? हां, लाल दिवा लागलाय. हं, म्हणा. पाणी दे."

जावयाला वाटलं, कुणा भलत्याच्याच फाइली! "माफ करा, बाबा, काहीतरी गोंधळ झालाय, थांबा," म्हणत त्याने हात पुढे केला, तर सासऱ्यांनी त्याचं मनगट पकडलं. असं पकडलं की दुखलं.

"पाणी दे!" स्पीकरमधून आवाज घुमला. हा त्यांचा. माशी नाही, डबा नाही, खणखणीत भोंगा.

"अहो, पाणी मागताय, लिलाव नाही पुकारत," बाई म्हणाली. "शेजारीण धावत येईल ग्लास घेऊन." आणि यावर तो पुरुष हसला. मोठ्याने, पोटातून, खोकला येईतो. जावयाने सासऱ्यांचं हसणं आजवर पाहिलं होतं, ऐकलं कधीच नव्हतं.

"आई?"

शटरखाली बायको वाकून उभी होती. हातात चहाची किटली, एक पाय आत, एक बाहेर. "आई बोलली ना आत्ता?"

किटली तिच्या हातून जावयाने घेतली, कारण तिला ती कुठे ठेवावी हे सुचत नव्हतं. सासऱ्यांनी दुसरी फाइल दाबली. "म्हणा, पंखा बारीक कर." "पंखा बारीक कर!" "हळू की हो." तिसरी दाबली. चौथी. प्रत्येकीत आधी ती, मग ते, मग पुन्हा ती.

"बाईंनी सांगितलं होतं, खोलीत एकट्याने बसायचं, दार लावायचं," लेक सांगायला लागली, डोळे पुसत, मध्येच हसत. "बाबा दोन दिवस बसले. तोंडातून शब्द निघेना! जन्मभर कुणीतरी बोली लावायची आणि यांनी ती पुकारायची. रिकाम्या खोलीत पुकारणार काय? मग आई समोर बसली यादी घेऊन. ती म्हणायची, हे म्हणायचे. आणि सगळं झाल्यावर त्या ॲपमधल्या कात्रीने तिने स्वतःचं बोलणं कापून टाकलं. एकेक करून, दोनशे बाराच्या दोनशे बारा. मी म्हटलं होतं, अगं राहू दे थोडं. तर म्हणाली, लोकांना यांचं ऐकायचंय, माझं काय करायचंय?" ती नवऱ्याकडे वळली. "आमच्याकडे तिचा आवाज कुठेच नव्हता रे. एक साधा व्हिडिओसुद्धा नाही. कापलं ते गेलं, असंच आम्ही धरून चाललो होतो."

ॲपने काही फेकलं नव्हतं. कापलेलं वेगळं ठेवलं होतं आणि मूळ तसंच माळ्यावर पडून होतं, पाच वर्षं.

सासऱ्यांना आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. त्यांनी यादीत खाली जाऊन एक दाबलं. "म्हणा, तू जेवलीस का?" "तू जेवलीस का?" "अजून नाही. हे संपू दे, मग बसू दोघं." आणि यानंतर कुणीच काही बोललेलं नव्हतं. नुसती शांतता रेकॉर्ड झालेली, आणि त्या शांततेत दोन माणसांचे श्वास.

सासरे रडत होते. घशातून आवाज येत नव्हता, गळ्याच्या छिद्रावर बांधलेलं जाळीचं पांढरं फडकं भराभर आत-बाहेर होत होतं. लेकीने त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. आणि जावई, जो या बाईला कधी भेटला नव्हता, तो किटली हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मुसमुसून रडला. सासूबाई भेटल्या होत्या त्याला. किती मायेच्या होत्या, किती खट्याळ होत्या, आणि हे आपल्याला आज कळावं!

चहा निवला, मग पुन्हा गरम केला, मग प्याला. नव्या फोनमध्ये त्याने बटणं दाबून बोलण्याचं एक साधं ॲप आधीच घालून ठेवलं होतं. फाइली त्यात जात होत्या तेव्हा तो म्हणाला, "बाबा, दोनशे तीन कापलेली तयार आहेत. राहिलेली नऊ मी मूळ फाइलीतून कापून देतो, म्हणजे तुमचा हिशेब पुरा. आणि आईंचं सगळं वेगळं ठेवतो, वाटेल तेव्हा ऐकायला."

सासऱ्यांनी मान हलवली. नाही. त्यांचं बोट पडद्यावरच्या दुसऱ्या फोल्डरवर टेकलं.

"न कापलेली घालू? बटणांना?"

हो.

"अहो बाबा, असं कसं?" लेक म्हणाली. "बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात, जिथे जाल तिथे आधी आई बोलणार, मग तुम्ही. दर वेळेला. लोक बघत राहतील."

सासऱ्यांनी वही उघडली नाही. जावयाने सगळी दोनशे बारा, न कापता, भरून दिली. मग त्यांनी नवा फोन हातात घेतला आणि यादीत उत्तर शोधायला लागले. नव्या फोनची सवय नव्हती, वेळ लागला. अखेर सापडलं, अंगठा टेकला.

खुर्ची सरकली. कागद सळसळला. "आता हे एकाच शब्दाचं आहे," ती म्हणाली. "एवढं तरी हळू म्हणा हो, माझ्यासाठी. म्हणा, चालेल."

आणि चौतीस वर्षं बाजार दणाणून सोडणारा तो आवाज, अगदी कानाशी बोलावा इतका हळू, म्हणाला, "चालेल."